गर्भिणीचा श्वास आणि रक्ताचा दाब

गरोदर बाईच्या घरीं सल्ल्याला कधींच तोटा नसतो. काय खावें, कोणत्या कुशीवर निजावें, ग्रहणांत काय करूं नये, हें सांगणारीं माणसें घरोघर असतात. अलीकडे या सल्ल्यांत आणखी एकाची भर पडली आहे. "रोज सकाळीं दीर्घ श्वसन कर, प्राणायाम कर, म्हणजे रक्ताचा दाब वाढायचा नाहीं," असें कोणी शेजारीण सांगते, कोणी नणंद सांगते, आणि कित्येकदां घरचे पुरुषही सांगतात. तपासणीस येणाऱ्या बायका मग मला विचारतात, "डॉक्टरीणबाई, हें खरें का हो?" या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं, कारण या सल्ल्यांत खरें आहे तें पुष्कळ आहे, आणि धोका आहे तोही लहान नाहीं. त्या दोहोंची निवड करून सांगावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम रक्ताचा दाब म्हणजे काय तें पाहूं. हृदय दर ठोक्याला रक्त पुढें लोटतें. तें रक्त ज्या नळ्यांतून सर्व शरीरांत जातें त्यांना रोहिणी म्हणतात, आणि रोहिणींच्या भिंतींवर रक्ताचा जो जोर पडतो तोच दाब. हृदय आंकुंचन पावतें तेव्हां हा जोर अधिक असतो. तें सैल पडतें तेव्हां कमी असतो. म्हणून दाबाचे आंकडे दोन, एक वरचा व एक खालचा. दंडाला पट्टा बांधून, त्यांत हवा भरून दाब मोजण्याची युक्ति १८९६ सालीं रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टरांनीं काढली. आणि पट्ट्याखालच्या रोहिणीचा आवाज नळीनें ऐकून दोन्ही आंकडे ठरविण्याची रीति १९०५ सालीं कोरोटकॉव्ह या रशियन डॉक्टरांनीं दाखविली. आज दवाखान्यांत आपल्या दंडाला बांधतात तो पट्टा त्याच वंशांतला.

गर्भारपणीं शरीरांत जे फेरफार होतात ते मोठे नवलाचे आहेत. अंगांतील रक्त हळूहळू वाढून अखेरच्या महिन्यांत नेहमींच्या सुमारें दीडपट होतें. तें सर्व फिरविण्याचा भार हृदयावर पडतो. आतां एवढें रक्त वाढलें म्हणजे दाब चढावयास हवा, असें कोणासही वाटेल. परंतु निसर्ग त्या नळ्याच सैल करतो, आणि निरोगी बाईचा दाब मधल्या महिन्यांत उलट थोडा उतरतो. दिवस भरत येतात तसतसा तो पूर्वपदावर येतो. यावरून एवढें ध्यानांत घ्यावें कीं, पांचव्या महिन्यानंतर ज्या बाईचा दाब भराभर चढूं लागतो, तिच्या शरीरांत हें सैल होण्याचें काम कोठें तरी अडलें आहे.

श्वासाचेंही असेंच आहे. प्रोजेस्टेरॉन नांवाचा जो अंतःस्राव गर्भारपणीं वाढतो, तो मेंदूंतील श्वासाच्या केंद्राला चेतवितो. त्यामुळें बाईच्या श्वासांची संख्या जवळजवळ पूर्वींइतकीच राहते, पण प्रत्येक श्वास अधिक खोल होतो, आणि दर मिनिटास आंत-बाहेर जाणारी हवा एकंदरींत ४० ते ५० टक्क्यांनीं वाढते. रक्तांतील कार्बन डायॉक्साइडचा दाब एरवीं ४० मिलिमीटरांच्या आसपास असतो, तो ३० च्या आसपास येतो. बाळाच्या रक्तांतला हा वायु आईच्या रक्तांत सहज उतरावा, यासाठीं ही योजना उपयोगी पडते. कित्येक बायकांना पहिल्या महिन्यांपासूनच श्वास अपुरा पडल्यासारखा वाटतो, त्याचें एक कारण हेंच. म्हणजे दीर्घ श्वसनाचा पहिला पाठ निसर्गानें गर्भिणीला आपण होऊन दिलेला असतो. पुढें पोट वाढतें तसा छाती व पोट यांच्यामधला पडदा सुमारें ४ सेंटिमीटर वर सरकतो. श्वास सोडल्यावर फुप्फुसांत जी हवेची शिल्लक उरते ती सुमारें पांचव्या हिश्शानें घटते. आणि खर्च दोन जिवांचा असल्यामुळें प्राणवायूची गरज मात्र सुमारें तितक्याच हिश्शानें वाढते. शिल्लक घटली आणि खर्च वाढला, ही गोष्ट आपण मनांत ठेवावी. कोणता प्राणायाम करावा व कोणता करूं नये, याचा निर्णय पुढें तिच्यावरूनच करावयाचा आहे.

आतां सावकाश श्वासाचा दाबाशीं संबंध काय, तो पाहूं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिणींत, आणि हृदयांतून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानींत, दाबाची वर्दी देणारे ज्ञानतंतु आहेत. दाब वाढला कीं ते मेंदूला कळवितात, आणि मेंदु हृदयाला सावकाश चालण्याचा व नळ्यांना सैल होण्याचा हुकूम देतो. या चढउताराची एक फेरी साधारणतः दहा सेकंदांची असते. आपण एरवीं मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतों. तो वेग मंद करून सहांवर आणला, म्हणजे एक श्वासही दहा सेकंदांचाच होतो, आणि श्वासाची लय व दाबाची लय जुळते. इटलींतील संशोधकांनीं २००१ सालीं २३ निरोगी माणसांवरचा एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं या माणसांना ख्रिस्ती लोकांची जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना व बौद्धांचा एक मंत्र म्हणावयास सांगितलें. दोहोंच्या वेळीं श्वास आपोआप मिनिटास सहांच्या आसपास आला, आणि दाब सांभाळणारी ही यंत्रणा अधिक तत्पर झालेली दिसली. आपल्या घरच्या आजीबाई संथपणें जप करीत बसतात, तेव्हां त्यांच्याही शरीरांत असेंच कांहींसें घडत असावें. ज्यांचा दाब मुळांत वाढलेला असतो त्यांच्यांत सावकाश श्वासानें तो थोडा उतरतो, असेंही पुढें आढळलें आहे. मात्र "थोडा" हा शब्द आपण विसरूं नये.

श्वासाची परीक्षा यंत्रानें करावी, हा विचार आपल्याकडे कांहीं आजचा नाहीं. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि त्याच सालीं "योगमीमांसा" हें नियतकालिक सुरू केलें, तें योगाच्या क्रियांची प्रयोगशाळेंत तपासणी व्हावी म्हणूनच. योगावर निष्ठा असणाऱ्या मनुष्यानेंच मोजमापाचा आग्रह धरला, ही गोष्ट योगाच्या आजच्या अभिमान्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

गर्भिणींच्या बाबतींत अशी मोजणी बंगळुरास झाली आहे. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ३३५ बायका होत्या. त्यांपैकीं १६९ जणींनीं रोज एक तास योगाभ्यास केला; त्यांत आसनें, प्राणायाम व ध्यान हीं तिन्हीं होतीं. उरलेल्या १६६ जणी रोज दोन वेळां अर्धा-अर्धा तास चालल्या. योग करणाऱ्या बायकांत अडीच किलो व त्याहून अधिक वजनाचीं बाळें जास्त जन्मलीं, आणि अपुऱ्या दिवसांचीं बाळंतपणें कमी झालीं. पुढें २०१२ सालीं, ज्यांना दाबाचा वगैरे धोका अधिक अशा ६८ बायकांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें विभागणी करून तेथेंच दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतही योग करणाऱ्यांत दाबाचे विकार कमी आढळले. ही वार्ता शुभ आहे. परंतु ६८ ही संख्या लहान आहे, आणि या बायकांनीं केवळ श्वास घेतला असें नव्हे. त्यांनीं आसनें केलीं, विश्रांति घेतली, आणि शिकविणारांचें त्यांच्याकडे लक्षही राहिलें. यश यांतलें कोणाचें, हें वेगळें काढतां येत नाहीं. आणि मुख्य म्हणजे, तपासणी सोडून प्राणायाम करा, असें या अभ्यासांनीं कोठेंही सांगितलेलें नाहीं.

हें मी इतक्या आग्रहानें कां सांगतें, तें एका हकीकतीवरून कळेल. एक शिक्षिका होती; पहिलीच खेप, सातवा महिना. लग्नापूर्वींपासून ती नेमानें प्राणायाम करी. "मला कांहीं होत नाहीं, मन अगदीं शांत असतें," असें म्हणून तिनें दोन तपासण्या चुकविल्या होत्या. घरीं डोहाळजेवणाची तयारी चालली होती. हिरव्या बांगड्या भरावयास कासारीण आली, तर महिन्यापूर्वींचें माप हातांत जाईना. "बाई, हाताला सूज आहे हो," असें कासारीण म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "अग, अंग भरलें आहे तिचें!" मुलीचें डोकें दोन दिवस दुखत होतें, आणि त्यावर उपाय म्हणून तिनें श्वसनाचीं आवर्तनें वाढविलीं होतीं. थोरल्या जावेच्या मनांत मात्र पाल चुकचुकली. ती म्हणाली, "सासूबाई, डोहाळजेवण उद्यांही करतां येईल. आज आधीं हिला दाखवून आणूं." दोघी माझ्याकडे आल्या तेव्हां दाब १७० वर ११० होता आणि लघवींत प्रथिन जात होतें. तिला तशीच मोठ्या रुग्णालयांत पाठविली. बाळंतपण लवकर करावें लागलें. बाळ लहानखुरें होतें, बरेच दिवस कांचेच्या पेटींत राहिलें. आज मायलेंकरें दोन्हीं सुखरूप आहेत. पुढें भेटली तेव्हां ती मला म्हणाली, "डॉक्टरीणबाई, श्वास घेतला कीं मला इतकें बरें वाटे, कीं आंत कांहीं बिघडलें असेल असें मनांतच आलें नाहीं." भगिनींनो, धोका आहे तो येथें आहे. प्राणायामानें तिला अपाय केला नाहीं. पण त्यानें मिळालेलें समाधान तिनें तपासणीच्या जागीं बसविलें.

या रोगाला डॉक्टर लोक प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. जगांत शंभर गर्भिणींपैकीं सुमारें दोन ते आठ जणींना तो होतो. त्याचें मूळ मनांत नसून बहुधा वारेंत असतें. गर्भाशयाच्या ज्या बारीक रोहिणी वारेला रक्त पुरवितात, त्या गर्भारपणाच्या पूर्वार्धांत रुंद व्हावयाच्या असतात. कित्येक बायकांत त्या पुरत्या रुंद होत नाहींत. मग उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तांत असे पदार्थ सोडते, कीं त्यांनीं सर्व शरीरांतील रक्तवाहिन्यांचें अस्तर बिघडतें. दाब चढतो, मूत्रपिंडें गळूं लागतात, यकृत व मेंदु यांनाही इजा पोहोंचते. साधारणतः विसाव्या आठवड्यानंतर हा विकार प्रगट होतो. पहिले कित्येक दिवस बाईला कांहींच जाणवत नाहीं. आणि जाणवूं लागतें तेव्हां वेळ थोडा उरलेला असतो. उपेक्षा झाली तर झटके येतात, आणि त्यांत आई व मूल दोघांच्याही जिवावर बेततें. मानेंतल्या ज्ञानतंतूंना मंद श्वासानें समजावितां येतें. वारेंतल्या न रुंदावलेल्या रोहिणी श्वासानें रुंदावत नाहींत.

परंतु यास उपाय नाहीं असें मात्र नव्हे. दाब वेळीं कळला तर गर्भारपणांत चालणारीं औषधें आहेत. झटके टाळण्यासाठीं मॅग्नेशियम सल्फेटचीं इंजेक्शनें देतात. ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या व २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनीं झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी झाला. ज्यांना हा विकार होण्याचा संभव अधिक, त्यांना डॉक्टर सोळाव्या आठवड्यापूर्वींच अल्प मात्रेंत ॲस्पिरीन सुरू करतात. ज्यांच्या आहारांत कॅल्शियम उणें असतें त्यांना त्याच्या गोळ्या देतात. हीं औषधें आपल्या मनानें घेऊं नयेत, आणि प्राणायाम चालू आहे म्हणून आपल्या मनानें बंदही करूं नयेत.

आतां कोणता प्राणायाम वर्ज्य, तें सांगतें. श्वास कोंडून धरण्याचा कुंभक गर्भिणीनें करूं नये; कारण फुप्फुसांतील हवेची शिल्लक घटलेली व खर्च वाढलेला असतां श्वास कोंडला, तर रक्तांतील प्राणवायु एरवींपेक्षां लवकर उतरतो. भस्त्रिका व कपालभाति यांसारख्या वेगाच्या क्रिया करूं नयेत. त्यांत पोटाला हिसके बसतात. शिवाय जो कार्बन डायॉक्साइड निसर्गानें आधींच कमी केला आहे तो आणखी कमी होऊन चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात, आणि अतिरेक झाल्यास बाळाला पोहोंचणारा प्राणवायुही उणा पडूं शकतो. पोट आंत ओढण्याचे उड्डियानासारखे बंध तर या दिवसांत सर्वथैव टाळावेत. हें सांगण्यांत योगशास्त्राचा अधिक्षेप मुळींच नाहीं. हठप्रदीपिकेंतच, सिंह किंवा हत्ती जसा हळूहळू वश करावा तसा वायु हळूहळू वश करावा, आणि अयुक्त अभ्यासानें रोग उद्भवतात, असें सांगितलेलें आहे.

करावें तें असें. खुर्चीवर पाठ टेंकून बसावें, किंवा डाव्या कुशीवर निजावें. उत्तरार्धांत उताणें निजून हा अभ्यास करूं नये. गर्भाशयाचा भार पाठीशीं असलेल्या मोठ्या नीलेवर पडून घेरी येण्याचा संभव असतो. नाकानें, चार आंकडे मनांत मोजीत, श्वास घ्यावा. बरगड्या सैलपणें फुलूं द्याव्यात. न थांबतां सहा आंकडे मोजीत तो सोडावा. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार मोजावे; आकड्यांसाठीं धडपड करूं नये. पांच मिनिटांपासून आरंभ करून दहा मिनिटांपर्यंत, सकाळीं व निजतेवेळीं करावें. कुंभकाशिवाय अनुलोम-विलोम किंवा हलक्या स्वरांतली भ्रामरी चालेल. घेरी आली, धाप लागली, डोकें दुखूं लागलें, तर तेथेंच थांबावें. याचा लाभ काय? झोंप बरी लागते, भीति कमी होते, चिडचिड ओसरते, आणि कळा सुरू झाल्यावर हीच संवय मोठा आधार देते. एवढा लाभ कांहीं थोडा नाहीं.

परंतु त्याबरोबर दाब मोजलाच पाहिजे, आणि तो नीट मोजला पाहिजे. पांच मिनिटें स्वस्थ बसावें, पाठ टेंकलेली असावी, पाय जमिनीवर असावेत, दंड हृदयाच्या पातळीवर टेंकवावा, मोजतांना बोलूं नये, आणि श्वास नेहमींसारखा चालूं द्यावा. आंकडा खालीं यावा म्हणून पट्टा बांधतेवेळीं मुद्दाम मंद श्वास घेऊं नये; तेणेंकरून आपण आपल्यापासूनच सत्य लपवितों. वरचा आंकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक आला, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. कांहीं तासांनीं दाब पुन्हां मोजून व लघवी तपासून डॉक्टर काय तें ठरवितील. १६० किंवा ११० पर्यंत दाब गेला तर क्षणाचाही विलंब नको. सरकारी दवाखान्यांतून २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भिणींची मोफत तपासणी करण्याची योजना सुरू झाली. गांवच्या आशाताईंकडे तिची चौकशी करावी.

आतां घरच्या वडील मंडळींस दोन शब्द. पायांवर थोडी सूज बहुतेक गर्भिणींना येते. पण तोंडावर व हातांवर एकाएकीं सूज आली, डोकें थांबेना असें दुखूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी किंवा चमक आली, उजव्या बरगडीखालीं अगर पोटाच्या वरच्या भागांत दुखूं लागलें, तर तिला "जरा पडून रहा" किंवा "दोन श्वास घे" असें सांगूं नका, गाडी बोलवा. बाळंतपण झालें म्हणजे धोका टळला असेंही समजूं नका. पुढचे सहा आठवडे हींच लक्षणें तितकीच गंभीर मानावयाचीं आहेत.

माझा वेळ संपत आला. सावकाश श्वास जरूर घ्या. तो फुकट आहे, निर्धोक आहे, आणि मनाला निवविणारा आहे. पण श्वासाची बैठक उरकली म्हणजे एका वहींत तारीख घाला आणि तिच्यापुढें शेवटच्या तपासणींतला दाबाचा आंकडा आहे कीं नाहीं तें पाहा. ती जागा कोरी असेल, तर दुसऱ्या दिवशीं सकाळचें पहिलें काम दवाखान्यांत जाण्याचें समजा. आपल्या सर्वांचीं बाळंतपणें सुखरूप होवोत, अशी इच्छा करून मी आपला निरोप घेतें.